पूर चढण्याआधी खाती कशी जुळवायची: तालुक्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नायब तहसीलदार, आपत्ती शाखेतला महसूल सहायक, पंचायत समितीतला विस्तार अधिकारी, नगरपालिकेत नुकताच आलेला अभियंता. यांच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर मे महिन्यात एक फाइल येते, ‘मान्सूनपूर्व तयारी’. आत मागच्या वर्षीचा आराखडा असतो, फक्त वर्ष बदललेलं. शेवटी बोटी किती, लाइफ जॅकेट किती, दोर किती मीटर याचा तक्ता आणि त्याखाली सगळ्या खातेप्रमुखांचे फोन नंबर. त्या नंबरांपैकी निम्मे चालत नाहीत.

हा लेख त्या फाइलीपुढे बसलेल्या माणसासाठी आहे. उदाहरणं कोल्हापूर-सांगलीच्या पुराची घेतली आहेत. तिथलं पाणी फुटाफुटाने चढतं, पातळी दर तासाला कळते, आणि कोणत्या खात्याचा धागा कुठे सुटला ते लगेच दिसतं. पात्रातलं पाणी इशारा पातळीकडे निघाल्यावर जर समन्वयासाठी बैठक बोलवावी लागली, तर मे महिन्यातलं काम झालेलं नाही असं खुशाल समजा. कोणत्या पातळीला कोणी काय करायचं, कुणाच्या सहीने आणि कुणाच्या गाडीतून, हे नदी तळाला असतानाच ठरवायचं असतं. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

पहिलं काम: अधिकार कुणाचे ते वाचा

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. पूर्ण वाचला नाहीत तरी कलम २५ ते ३४ आणि ५०, ५१, ६५ एवढी कलमं वाचाच. एका दुपारचं काम आहे, आणि एरवी हे कुणी मुद्दाम बसवून शिकवत नाही.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याच्या आरोग्याचे प्रमुख पदसिद्ध सदस्य. कलम ३३ ने हे प्राधिकरण जिल्ह्यातल्या कोणत्याही खात्याला किंवा स्थानिक संस्थेला काम करायला सांगू शकतं. कलम ३४ मध्ये रस्ते बंद करणं, धोक्याच्या भागात जायला मनाई करणं, निवारा उभा करणं हे सगळं येतं. कलम ६५ ने खासगी इमारत आणि वाहन ताब्यात घेता येतं, त्याचा मोबदला देऊन. कलम ५० तातडीच्या खरेदीचं: निविदा न काढता साहित्य घेता येतं आणि अधिकृत अधिकाऱ्याचं वापर प्रमाणपत्र हेच व्हाउचर धरलं जातं. लेखाशाखेतल्या भाऊसाहेबांना हे कलम मे महिन्यातच दाखवून ठेवा. ऑगस्टमध्ये रात्री अकरा वाजता डिझेल हवं असताना हा वाद घालायला कुणाकडे वेळ नसतो.

कायद्यात अधिकार जिल्ह्याला आहेत, पाणी मात्र गावात शिरतं. म्हणून तहसीलदार, प्रांत आणि गटविकास अधिकारी यांच्या नावाने कोणते अधिकार दिले आहेत, त्याचा लेखी आदेश निघाला आहे का ते पाहा. निघाला नसेल तर टिपणी तयार करून निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या शाखेत स्वतः नेऊन द्या. मंगल कार्यालय ताब्यात घ्यायचा आदेश कुणाच्या सहीने निघणार? साखर कारखान्याचे ट्रॅक्टर-ट्रॉली कोण मागवणार? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत.

मोठ्या शहरांत काम करणाऱ्यांनी २०२५ ची दुरुस्तीही पाहावी. राजधानीच्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद तिच्यात आहे.

फोनयादी, आणि ती का शिळी होते

राज्यात नियमित बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. पावसाळा जूनमध्ये लागतो. मेच्या मध्यावर मेहनतीने केलेली यादी जूनच्या पहिल्या आठवड्यातच जुनी होते. या वेळापत्रकाचं मला कायम नवल वाटत आलं आहे, पण ते आपल्या हातात नाही.

यादी पदाने करा. ‘शाखा अभियंता, महावितरण, अमुक उपकेंद्र’ असं लिहा, त्यापुढे आजचं नाव, आजचा नंबर, आणि तो नसेल तर कोण. प्रत्येक पदापुढे दोन माणसं हवीतच. कार्यालयाचा नंबर रात्री कुणी उचलत नाही, म्हणून रात्रीचा वेगळा. यादी झाली की एका संध्याकाळी प्रत्येक नंबर स्वतः फिरवा. पाच मिनिटांची ओळख होते, आणि पुढे पाऊस पडत असताना पलीकडचा माणूस तुमचा आवाज ओळखतो. सरकारी कामात आवाजाच्या ओळखीला फार किंमत आहे.

खालच्या टोकाला तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील, आशा, अंगणवाडी सेविका. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात जुनीच नावं चालतात. यात पोलीस पाटलाचा नंबर सोन्यासारखा जपा. तो गावातच राहतो.

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा, १०७० राज्याचा, १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ पोलिसांसह सगळ्या तातडीच्या मदतीचा. हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. कागदी पोस्टर पहिल्या पावसात जातं.

पाण्याची पातळी आणि तिला बांधलेले आदेश

खरं काम इथे आहे. याला दोन आठवडे द्या.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर आणि आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जिल्ह्यातला प्रत्येक माणूस हे आकडे सांगतो. तालुक्यात बसलेल्या तुम्हाला मात्र आणखी एक आकडा लागतो: राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट असताना *माझ्या* गावात पाणी कुठवर असतं?

हा आकडा कोणत्याही परिपत्रकात नसतो. तो गावातच मिळतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, विजेच्या डांबावर असतात. पोलीस पाटील आणि दोन-चार जुनी माणसं सोबत घ्या आणि विचारा: पाणी आधी कुठून येतं, ओढ्यातून की नदीतून? कोणता रस्ता पहिला बुडतो? तो बुडल्यावर गावातून निघायला दुसरा रस्ता उरतो का? कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ आणि गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ पाणी आलं की पलीकडच्या गावांचं गणितच बदलतं. तुमच्याही तालुक्यात अशी दोन-तीन ठिकाणं असणार. ती नकाशावर लाल पेनाने गोल करा.

आता प्रत्येक गावासाठी एक पान करा. त्यावर पातळीच्या टप्प्यांना कामं बांधा. नमुना असा, आकडे तुमच्या गावाचे घाला:

इशाऱ्याच्या चार फूट आधी: पोलीस पाटलाने दवंडी आणि व्हॉट्सॲपवर सूचना द्यायची. पशुधन विकास अधिकाऱ्याने जनावरांच्या छावणीची जागा तपासायची. एसटी आगारप्रमुखाला संभाव्य बंद मार्ग कळवायचे.

इशारा पातळीला: निवारा केंद्राच्या चाव्या तलाठ्याच्या हातात. गरोदर बाया, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि जनावरं हलवायला सुरुवात. बोट आणि चालवणारा गावात हजर.

पहिला रस्ता बुडायच्या दोन फूट आधी: सखल वस्तीतल्या सगळ्यांनी बाहेर पडायचं. सांगायचं काम सरपंचाचं, लेखी नोटीस तहसीलदाराची, बंदोबस्त पोलिसांचा.

धोका पातळीला: रस्त्यावर बॅरिकेड, वीज कधी तोडायची त्याचा निरोप, गावात मागे कुणी राहिलं आहे का याची घरोघर नोंद.

बारकाईने पाहा, यातला सर्वात महत्त्वाचा टप्पा धोका पातळीच्या *आधी* येतो. रस्ता गेल्यावर हलवायचं म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे जोखीम. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. जी माणसं रस्ता कोरडा असताना ट्रॉलीत बसतात, त्यांना बोटीत बसायची वेळच येत नाही.

पान तयार झालं की त्यावर त्या त्या खात्याच्या तालुका अधिकाऱ्याची सही घ्या. माहितीसाठी पाठवलं, असा शेरा मारून प्रत काढणं सोपं आहे, पण त्याने कुणी बांधला जात नाही. समोर बसवून, ‘साहेब, ३७ फुटांना ही तीन कामं तुमची’ असं सांगून सही घेतली की तो अधिकारी लगेच विचारतो, ‘माझ्याकडे गाडी कुठं आहे?’ हाच प्रश्न तुम्हाला मे महिन्यात हवा असतो.

धरणाचं पाणी: पाटबंधारे खात्याशी बोलायची भाषा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण पाटबंधारेवाले क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) आणि टीएमसीत (एक अब्ज घनफूट) बोलतात, महसूलवाले फुटांत आणि गावकरी पायऱ्यांत. एक हिशेब पाठ ठेवा: ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सुटलं की एक टीएमसी होतं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी आहे. धरण किती भरलं आहे आणि रोज किती येतंय हे कळलं की विसर्ग कधी वाढणार याचा अंदाज तुम्हालाही बांधता येतो.

राधानगरीचं वेगळं आहे. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. तिथे कुणाला फोन करून ‘जरा थांबा’ म्हणता येत नाही. धरण भरत आलं की दरवाजा उघडणारच असं धरून भोगावतीकाठच्या गावांना आधीच सांगायचं. कोयनेच्या वक्र दरवाजांचा विसर्ग मात्र माणसं ठरवतात. तिथे विसर्ग वाढवण्यापूर्वी किती तास आधी कळवणार, कुणाला, कोणत्या मार्गाने, हे लिहून घ्या. आणि कळवलेला आकडा आपल्या पुलापर्यंत पोहोचायला किती तास लागतात हे शाखा अभियंत्याकडून मागच्या पुरांच्या नोंदी काढून घ्या. कोरड्या नदीत लागणारा वेळ आणि भरल्या नदीत लागणारा वेळ वेगळा असतो, दोन्ही विचारा.

खाली कर्नाटकात कृष्णेवर हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी धरण. अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली बुडते की नाही हा वाद शिरोळ तालुक्यात चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत चालतो. तालुक्याच्या नियंत्रण कक्षाने त्यात पडू नये. तुम्हाला रोज तीन आकडे हवेत: अलमट्टीची पातळी, येणारं पाणी, सोडलेलं पाणी. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांची मंत्रिपातळीवर बंगळुरूत बैठक झाली. त्या पातळीवर जे ठरेल ते ठरेल. खाली मात्र शाखा अभियंत्याचा पलीकडच्या अभियंत्याशी थेट फोन चालू असणं फार कामाला येतं. भाषेची अडचण येत नाही. सीमाभागात दोन्ही बोलणारे ढीगभर आहेत.

बाकी खात्यांना काय विचारायचं

‘तयारी आहे का?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे.

महावितरणला विचारा: कोणती रोहित्रं कोणत्या पातळीला पाण्यात जातात? पुरवठा तोडल्यावर ‘लाइन बंद आहे’ हा निरोप बोटवाल्यापर्यंत कोण पोहोचवणार? पूर चढला की बोट तारांच्या जवळून जाते, आणि तार जिवंत आहे की मेलेली हे पाण्यातून कळत नाही. एकाच माणसाने, एकाच फोनवरून हा निरोप द्यायचा, आणि नियंत्रण कक्षाने वेळ टाकून लिहून ठेवायचा.

पाणीपुरवठ्याला विचारा: जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, बुडाली तर काय? २०१९ मध्ये शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि कोल्हापूर शहरात चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. टँकर कुठून भरणार, त्या भरण्याच्या ठिकाणापर्यंत रस्ता चालू असेल का, टँकरला डिझेल कोण देणार?

डिझेलचं तर वेगळंच लिहायला हवं. त्याच पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. इंधनाचे टँकर येईनात, तेव्हा पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखावं लागलं. पंपांवर राखीव साठ्याचा आदेश जुलैतच काढून ठेवायला सांगा, आणि कोणत्या गाडीला मिळणार याची यादी पुरवठा निरीक्षकाकडे द्या. बोटीचं इंजिनही याच यादीत. ते बहुतेक विसरतात.

आरोग्याला विचारा: पुढच्या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या बायांची गावनिहाय यादी आहे का? आशांकडे असते, फक्त मागितली पाहिजे. सर्पदंशाची लस कुठल्या केंद्रात आहे, आणि त्या केंद्राचा रस्ता कितव्या फुटाला बंद होतो? पुरात साप घरात येतात. लस नदीच्या अलीकडे आणि रुग्ण पलीकडे, असं होऊ देऊ नका.

बांधकाम खातं दोन आहेत, राज्याचं आणि जिल्हा परिषदेचं. कोणता रस्ता कुणाचा यावर भर पुरात वाद झालेले पाहिले आहेत. यादीत प्रत्येक रस्त्यापुढे मालक लिहा, जेसीबीचा ठेकेदार लिहा, संपलं.

शिक्षण विभागाला फक्त एक प्रश्न: निवारा म्हणून ठरवलेल्या शाळेत संडास किती आणि चालू किती? तीनशे माणसांना दोन संडास असतील तर बायका तिथे थांबत नाहीत, परत बुडत्या घराकडे निघतात.

नियंत्रण कक्ष म्हणजे एक वही

संगणक असू दे, डॅशबोर्ड असू दे, तरी एक जाड वही ठेवाच. वीज गेली, नेट गेलं, तरी ती चालते. पावसाळ्यात कक्ष चोवीस तास असतो, तीन पाळ्यांत. वहीत चार रकाने: वेळ, कुणाकडून, काय, पुढे कुणाला दिलं. पाचवा रकाना नवी माणसं ठेवत नाहीत आणि सगळी गडबड तिथेच होते: *काम झालं का आणि किती वाजता*. निरोप पुढे दिला म्हणजे काम झालं असं कुणी धरू नये.

नमुन्याची नोंद: ‘रात्री ९.४०. पोलीस पाटील, अमुक गाव. ओढ्यावरून पाणी, रस्ता बंद. वस्तीत सात घरं, एक म्हातारी चालू शकत नाही. ९.४४ ला मंडळ अधिकारी आणि बोट पथकाला कळवलं. १०.५५ ला सगळे शाळेत, मंडळ अधिकाऱ्यांचा फोन.’ एवढं पुरे. निबंध नको.

पाळी बदलताना दोघांनी वही समोर ठेवून अपुऱ्या नोंदी एकेक वाचायच्या आणि सही करायची. निरोप घेताना उलट म्हणून दाखवायचा. वाडीची नावं सारखी असतात, वाडी तिसरीच निघते. प्रत्येक ठिकाणाला गावाचं नाव, शेजारची खूण आणि जमलं तर लोकेशन.

वरून माहिती मागवणाऱ्यांचा जाच फार. जिल्हा, विभाग, मंत्रालय, आमदार, पत्रकार, सगळ्यांना आकडे आत्ताच हवे असतात. यावर तोडगा एकच चालतो: दिवसातून ठरलेल्या वेळी एकच अहवाल, सगळ्यांना तोच. पत्रकारांशी जिल्हा माहिती अधिकारी बोलतील, इतर कुणी नाही. धरण फुटल्याच्या अफवा दर पुरात उठतात. आपल्याच वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळे आकडे दिले की त्यांना खतपाणी मिळतं. खोट्या इशाऱ्यासाठी कलम ५४ ने एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण अफवा मारायचं खरं औषध वेळेवर दिलेला खरा आकडा.

हवामान खात्याचे रंग कक्षात भिंतीवर लावा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.५ मिमीच्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. रंग जिल्ह्याचा असतो, पाऊस तुमच्या पाणलोटात पडतो. म्हणून गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर असे घाटमाथ्याचे आकडे सकाळी आधी बघा. सांगलीत ऊन असताना पूर येतो.

बोटी, एनडीआरएफ आणि लष्कर

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. राज्याचं दल धुळे आणि नागपूरला. तालुक्याने थेट फोन करायचा नसतो. मागणी तहसीलदार, जिल्हाधिकारी, राज्य नियंत्रण कक्ष या वाटेने जाते, आणि लष्कराची मागणीही जिल्हाधिकाऱ्यांकडूनच. मागणी लवकर करा. २०१९ मध्ये रस्ते बंद झाल्याने काही पथकं विमानाने आणावी लागली. अलीकडे पावसाळ्यात पथक कोल्हापुरात आधीच आणून ठेवतात, हे शहाणपण त्या वर्षाने शिकवलं.

पथक आलं की त्याला काय लागतं? वाट दाखवणारा गावचा माणूस, राहायला कोरडी जागा, डिझेल, आणि ‘आधी कुठे’ याचं एकच उत्तर. चार पुढारी चार गावांची नावं घेऊन उभे राहतात तेव्हा पथकाचा प्रमुख अधिकारी कुणाचं ऐकणार? तुमच्या एका अधिकाऱ्याला त्यांच्यासोबत कायम ठेवा. प्राधान्य त्याच्याच तोंडून जाऊ द्या.

गावातल्या बोटीवर माणसांची मर्यादा ठळक रंगवून घ्या, आणि जॅकेटशिवाय कुणाला चढू देऊ नये असा लेखी अधिकार नावाड्याला द्या. नावाडी गावचाच असतो, शेजाऱ्याला ‘उतर’ म्हणणं त्याला जड जातं. हातात कागद असला की सोपं होतं. इंजिन जूनमध्ये पाण्यात उतरवून चालवून बघा, गोदामात नाही. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली मुलं तालुक्यात असतील, त्यांना त्या दिवशी बोलवा.

गाव हलत नाही तेव्हा

लोक ऐकत नाहीत अशी तक्रार प्रत्येक कार्यालयात ऐकू येते. खोलात गेलं की बहुतेक घरांत एकच कारण निघतं: म्हैस. दारात दुभती म्हैस सोडून कुणी शाळेत झोपायला जाणार नाही, आणि जावं तरी का? म्हणून जनावरांची छावणी माणसांच्या निवाऱ्याआधी उभी करा. कारखान्याचं आवार, उसाचं वाडं, पाण्याची टाकी, आणि मालकाला रात्री तिथेच झोपता येईल अशी शेड. पशुसंवर्धन, साखर कारखाना, बाजार समिती आणि महसूल या चौघांचं हे काम आहे, आणि आराखड्यात ते शेवटच्या पानावर असतं. पहिल्या पानावर आणा.

दुसरं कारण चोरीची भीती. वस्ती रिकामी झाल्यावर पोलिसांची आणि होमगार्डची बोटीतून गस्त राहील हे सरपंचाच्या तोंडून सांगा, आणि गस्त खरोखर घाला. तिसरं कारण, ‘२०१९ ला इथवर पाणी आलं नव्हतं.’ यावर वाद घालू नका. शाळेच्या भिंतीवरची खूण दाखवा.

दरडीच्या तालुक्यांसाठी थोडक्यात

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडमधलं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. दरड फुटांत चढत नाही. तिथे टप्पे पावसाला बांधावे लागतात: सलग दोन-तीन दिवस किती मिमी पडला, भेगा दिसल्या का, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, झाडं-खांब कलले का. ठरलेला आकडा गाठला की वस्ती रात्री खाली झोपायला आणायची, दरड कोसळो न कोसळो. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं डोंगर चढून गेली. यंत्र पोहोचत नाही अशा वाड्यांची वेगळी यादी करा आणि तिथे जाणाऱ्या पायवाटेला किती वेळ लागतो ते स्वतः चालून बघा.

पाणी ओसरताना

आता सगळ्यांना वाटतं काम संपलं, आणि तुमचं निम्मं काम इथून सुरू होतं. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा संयुक्त असतो. तिघांचं वेळापत्रक तीन वेगळे साहेब ठरवतात. गावनिहाय पथकांचा एकच आदेश प्रांतांच्या सहीने काढा.

मदत मिळायला पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मृताच्या वारसांना चार लाख रुपये, त्यासाठी शवविच्छेदन अहवाल लागतो. दगावलेल्या जनावरांसाठीही पशुवैद्यकाचा दाखला. म्हणून पुराच्या गडबडीतही मेलेली म्हैस फोटो आणि दाखल्याशिवाय पुरू देऊ नका, नाहीतर मालक वर्षभर खेटे घालतो. केंद्राच्या निकषांत कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट राहिलेली आहे. हे सिद्ध कसं होणार? तुमच्या वहीतून. पाणी वस्तीत किती वाजता शिरलं आणि किती वाजता उतरलं, या दोन वेळा गावनिहाय लिहिलेल्या असतील तर भांडण मिटतं.

गाळ आणि कचरा ग्रामपंचायतीचा, क्लोरीन आणि डास आरोग्याचे, विहिरींचं शुद्धीकरण दोघांचं. वीज घरोघर तपासल्याशिवाय चालू करू नये, हे महावितरणकडून लिहून घ्या.

ऑक्टोबरमध्ये, सगळे दमलेले असताना, दोन तासांची एक बैठक लावा. वही समोर ठेवा. ज्या नोंदींचा पाचवा रकाना कोरा राहिला तेवढ्याच वाचा, आणि प्रत्येकीपुढे कोणत्या खात्याच्या पानावर कोणती दुरुस्ती करायची ते लिहा. गावनिहाय पानांवर नव्या खुणांचे फूट टाका. ही दुरुस्त पानं फाइलीत सर्वात वर लावा आणि जुना आराखडा खाली. एप्रिलमध्ये तुमचीही बदली होऊ शकते, तेव्हा कार्यभार देताना वही, पानं आणि फोनयादी या तिन्हींची नोंद हस्तांतरणाच्या यादीत स्वतंत्र करा.